‘मला’ की ‘माझ्याकडे’?

गेल्या कोजागिरीस आमच्याकडे चार मराठी बिऱ्हाडे जमली होती. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांचा असा मेळावा कसा असतो, हे ह्या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. दूध आटत होते, बदल्यांच्या गोष्टी निघाल्या होत्या आणि मुले एका कोपऱ्यात इंग्रजी, हिंदी व मराठी यांची खिचडी बोलत होती. पाहुण्यांपैकी एकाचा सात-आठ वर्षांचा मुलगा, कोणी विचारले म्हणून, मोठ्या ठसक्यात म्हणाला, “माझ्याकडे एक बहीण आहे.” मोठी माणसे हसली. आईने त्यास सुधारले, “माझ्याकडे नाही रे, ‘मला एक बहीण आहे’ असं म्हणावं.” मुलाने क्षणभर विचार केला. “मग सायकल?” “सायकल माझ्याकडे आहे.” “आणि आजी?” येथे आई अडखळली. आजीबाई समोरच खुर्चीवर बसल्या होत्या.

मुलाचे फारसे चुकले नव्हते. तो शाळेत इंग्रजीत विचार करण्यास शिकत आहे, आणि इंग्रजीत बहीण, सायकल व आजी या तिघींसाठी ‘हॅव’ हे एकच क्रियापद पुरते. इंग्रजी क्रियापदांच्या अर्थबाहुल्याच्या कथा आपण ऐकतो. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदले होते, आणि नव्या संपादनात ‘रन’ त्याच्याही पुढे गेले. ही श्रीमंती पाहून आपण थक्क होतो. पण त्या शब्दांचे अर्थ निरनिराळे आहेत आणि ते निरनिराळे आहेत हे बोलणाऱ्यास कळत असते. ‘हॅव’ची तऱ्हा वेगळी. घर हॅव, ताप हॅव, मुलगा हॅव, चहा हॅव, धैर्य हॅव, वेळ हॅव, संशय हॅव. येथे अर्थ वाढलेले नाहीत. निरनिराळी नाती एकाच पिशवीत कोंबली गेली आहेत आणि पिशवीचे तोंड बांधून टाकले आहे.

मराठीत ही पिशवी नाही. ‘हॅव’ला आपल्यापाशी क्रियापदच नाही; आपले काम ‘असणे’ या साध्या क्रियापदावर चालते, आणि म्हणून प्रत्येक वेळी नाते विभक्तीने किंवा शब्दयोगी अव्ययाने सांगावेच लागते. बहीण ‘मला’ असते. सायकल ‘माझ्याकडे’ असते, म्हणजे आज माझ्या बाजूस आहे, उद्या दुसरीकडे जाऊ शकेल. पैसे ‘माझ्याजवळ’ किंवा ‘माझ्यापाशी’ असतात. धैर्य असलेच तर ‘माझ्या अंगी’ असते. जमीन ‘माझ्या नावावर’ असते, कर्ज ‘माझ्यावर’ असते, आणि माणसे ‘माझ्या हाताखाली’ असतात. एक वस्तू बाजूला, एक अंगात, एक डोक्यावर, एक हाताखाली! ‘माझ्याकडे एक बहीण आहे’ याचा अर्थ मराठी कानाला असा लागतो की, अनेक बहिणींपैकी एक सध्या मुक्कामास आली आहे. मंडळी हसली ती यामुळे.

हे केवळ मराठीचे वैभव आहे असे मात्र कोणी समजू नये. बदल्यांच्या निमित्ताने चार प्रांतांचे पाणी प्यालेल्या वाचकांस हे अनुभवानेच ठाऊक असेल. हिंदी भाषक सायकलीस ‘मेरे पास’ म्हणतो, बहिणीस ‘मेरी’ म्हणतो आणि तापास ‘मुझे’. तमिळमध्ये पैसा ‘माझ्यापाशी’ आणि बहीण ‘मला’ असा भेद जवळजवळ आपल्यासारखाच आहे. बंगाली माणूस ‘आमार’ या षष्ठीवर पुष्कळसे भागवतो, पण स्वतंत्र ‘हॅव’ त्याच्याही भाषेत नाही. रशियन मनुष्यही ‘माझ्यापाशी आहे’ असेच म्हणतो. एमिल बेंव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली ‘असणे’ व ‘हॅव’ यांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की, जगातील बहुसंख्य भाषांची रीत ‘मला आहे’ हीच. ‘हॅव’ हा अपवाद आहे. इंग्रजीच्या शाळेत शिकलेल्या आम्हांस मात्र उलटेच वाटत आले होते. आपल्या भाषेत एक महत्त्वाचे क्रियापद राहून गेले, अशी एक बारीकशी लाज आम्ही बरीच वर्षे बाळगली, हे कबूल करतो.

आता आजीबाईंकडे वळू. ‘मला आजी आहे’ हे तर निर्विवाद. पण प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या घरी आजी राहते. तेव्हा ‘आजी आमच्याकडे असते’ हेही व्याकरणदृष्ट्या शुद्धच. आई अडखळली ती व्याकरणापाशी नव्हे. आपल्यापैकी किती जणांनी परगावच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून ‘आई हल्ली माझ्याकडे असते’ असे सहज म्हटले असेल! वाक्यात खोटे काही नाही. गावचे घर बंद पडले, आई इकडे आली. परंतु ज्या स्त्रीच्या घरी आपण जन्मलो ती आता ‘आपल्याकडे’ असते, सायकलीसारखी. आणि ‘मी आईजवळ राहतो’ असे म्हणण्याचा हक्क आपण केव्हा गमावला, हे आपल्यास सांगता येत नाही. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ चाळिशी उलटल्यावरही, भाड्याचे घर स्वतःच्या नावावर असताना, ‘आम्ही आईकडे असतो’ असे म्हणत. लोक त्यांना हसत. आम्हीही हसत असू. इंग्रजीत हा प्रश्न उद्भवत नाही. कारण ‘हॅव’ आजीस, सायकलीस आणि तापास सारख्याच निर्विकारपणे वागवते. मराठीत तोंड उघडले की नाते निवडावे लागते, आणि निवडले की ते समोर बसलेल्यास ऐकू जाते.

‘हॅव’चे कूळ पाहिले तर थोडा उलगडा होतो. लॅटिनमधील ‘हाबेरे’ याचा अर्थही तोच आणि रूपही जुळते. म्हणून ही दोन सख्खी भावंडे असावीत असे कोणालाही वाटेल. परंतु ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांप्रमाणे तसे नाही. ‘हॅव’चे खरे लॅटिन भावंड ‘कापेरे’, म्हणजे पकडणे, हस्तगत करणे. ‘कॅप्चर’ हा शब्द ज्यापासून आला ते. सारांश, मुळात ‘हॅव’ म्हणजे मुठीत धरणे. पुढे हीच मूठ भूतकाळावरही पडली. ‘मी पत्र लिहिले आहे’ या अर्थी इंग्रज जे ‘हॅव रिटन’ म्हणतो, त्याचा मूळ अर्थ ‘लिहिलेले पत्र माझ्या ताब्यात आहे’ असा होता. हळूहळू ताबा विसरला गेला व काळ तेवढा उरला. आपण ‘मी पत्र लिहिले’ म्हणतो तेव्हा क्रियापद पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. शाळेत याला कर्मणि प्रयोग म्हणून घोकवीत असत. तो ‘मी’ही मुळातला तृतीयेचा, ‘माझ्याकडून’ अशा अर्थाचा. जुन्या मराठीतील ‘म्यां’ ज्यांनी वाचला आहे त्यांस हे पटेल. एकीकडे केलेले कृत्य कर्त्याची मालमत्ता होते, तर दुसरीकडे कर्ता बाजूस उभा राहतो आणि वाक्यात कृत्याचे राज्य चालते.

येथवर आल्यावर तत्त्वज्ञानाचा मोह होतो. गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९३५ साली ‘असणे आणि बाळगणे’ असे भाषांतर करता येईल अशा नावाचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. माझे शरीर हे मी ‘बाळगतो’ की मी शरीर ‘आहे’, हा त्यातील एक मार्मिक प्रश्न. एरिक फ्रॉम याने १९७६ साली तोच धागा पुढे नेला, आणि ‘हॅव’सारखे क्रियापद अनेक भाषांत नाही याकडे बोट दाखवून, त्याच्या वाढीचा संबंध खाजगी मालमत्तेच्या वाढीशी असावा असे सुचविले. फ्रॉमचे वाचून आमच्यासारख्याची छाती फुगते. परंतु ही छाती फुगविणे आम्हांस फारसे प्रामाणिक वाटत नाही. ज्या भाषेत ‘हॅव’ नाही त्याच भाषेत वतनाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले. पाटीलकीच्या मानपानासाठी आणि कुळकर्णाच्या एका तक्षिमेसाठी भाऊबंद एकमेकांच्या जिवावर उठले. मुंबई राज्यात परगणा व कुळकर्णी वतने रद्द करण्यासाठी १९५० साली कायदाच करावा लागला. ‘आमच्याकडे वतन आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ते ‘कडे’ कधीच मनावर घेतले नव्हते. व्याकरणाने कोणी निर्लोभ होत नाही. मराठीचा उपयोग एवढाच की, नाते लपवावयाचे झाले तर जरा अधिक खटपट करावी लागते.

ती खटपट आम्ही स्वतः केली आहे, म्हणून हे लिहीत आहो.

‘हॅव’चा एक प्रयोग असा आहे की, त्यावाचून साहेबाचे पान हलत नाही. स्वतः न करता दुसऱ्याकडून करविलेल्या कृत्यासही इंग्रजीत ‘हॅव’च लागते. केस कापवून घेणे, घर रंगवून घेणे आणि माणसाची बदली करविणे यांस रचना एकच. गंमत अशी की, खिसा कापला गेला तरी तीच रचना चालते. करविणारा आणि सोसणारा यांतही ‘हॅव’ भेद करीत नाही.

नर्मदाकाठच्या एका जिल्ह्याच्या गावी आम्ही कार्यालयप्रमुख होतो. या गोष्टीस चाळीस वर्षे होत आली. फाटकाशेजारी, कार्यालयाच्या आवाराच्या हद्दीत दोन-तीन हात शिरलेली, एक चहाची टपरी होती. वरिष्ठांची तपासणी ठरली आणि आदल्या दिवशी दूरध्वनीवर हुकूम आला : ‘हॅव इट रिमूव्हड.’ आम्ही घंटा वाजवून शिपायास बोलाविले व तेच हिंदीत सांगितले. संध्याकाळपर्यंत जागा स्वच्छ झाली, आणि आम्ही अहवालात लिहिले, ‘आय हॅव हॅड दि स्टॉल रिमूव्हड.’ एका वाक्यात दोन ‘हॅव’ आले, आणि टपरीस हात लावणारा एकही माणूस आला नाही. वाक्य निर्दोष होते.

त्या काळी आठवड्यास एक कार्ड वाईस वडिलांना घालण्याचा आमचा परिपाठ होता. ते निवृत्त शिक्षक. तपासणी चांगली झाली हे कळवावे म्हणून रात्री लिहावयास बसलो आणि टपरीपाशी अडलो. प्रथम ‘टपरी हटविण्यात आली’ असे लिहिले. हे सरकारी मराठी. ‘हॅव’ची उणीव आपण ‘-ण्यात आली’ने कशी भरून काढली आहे ते येथे दिसते. परंतु वडिलांना असे लिहिणे म्हणजे घरात पायमोजे घालून जेवावयास बसण्यासारखे होते. ‘काढवली’ लिहून पाहिले. ‘काढून घेतली’ म्हणजे तर आम्हीच पळविली असा अर्थ व्हायचा. शेवटी ‘टपरी काढायला लावली’ असे लिहून कार्ड टाकले.

आठ दिवसांनी उत्तर आले. घरची खुशाली होती, वाटणीच्या विहिरीचे काही होते, आणि खाली, पत्त्याच्या रेघेपर्यंत गेलेल्या बारीक अक्षरात, एवढेच : “कोणाला लावली?”

वडिलांनी उपरोध केला होता असे आम्हांस वाटत नाही. मुलाच्या निबंधात शब्द गाळला असता तर त्यांनी असेच विचारले असते. ‘लावणे’ या क्रियापदास ‘कोणाला’ हवे असते. आम्ही ते दिले नव्हते. आम्हांस ते देता आले नसते, कारण आम्हांस ते ठाऊकच नव्हते. दुसऱ्या दिवशी शिपायास विचारले. तो म्हणाला की माणसे मिळाली नाहीत, तेव्हा त्याने व त्याच्या मुलाने मिळून खांब उपटले. टपरीवाला त्याच्याच गावचा. दोघे एकाच वर्षी शहरात आले होते. टपरी उभी करतानाही खांब यानेच धरले होते. “तू मला सांगितले का नाहीस?” आम्ही विचारले. तो म्हणाला, “साहब, हुकुम था.” आम्हांसही हुकूमच होता. आमच्या वरिष्ठांसही कोणाचा तरी असणार. ‘हटवावी लागली’ असे आम्ही तिघेही म्हणू शकत होतो, आणि तेही खोटे नव्हते. आग लागते, भूक लागते, तसे आपल्याला करावे ‘लागते’. इंग्रजीत येथेही ‘हॅव टु’ येते. परंतु वडिलांनी ‘का’ असे विचारले नव्हते, ‘कोणाला’ असे विचारले होते.

टपरी हद्दीत शिरली होती, तेव्हा ती हटविणे चूक होते असे आम्ही आजही म्हणत नाही. हद्दीबाहेर दुसरी जागा आम्ही सुचवू शकलो असतो. दोन दिवसांची मुदत मागू शकलो असतो. निदान त्या खांबांना दुसऱ्या कोणाचे हात लावू शकलो असतो. यांपैकी काही सुचले नाही, कारण विचार इंग्रजीत चालला होता, आणि त्या वाक्यात त्या माणसासाठी जागाच नव्हती. हे भाषेवर ढकलणे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणो. वाक्य आमचे होते.

पुढच्या कार्डात वडिलांना आम्ही तपासणीविषयी, पावसाविषयी व त्यांच्या मोतीबिंदूविषयी लिहिले. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. सहा महिन्यांनी टपरी उभी राहिली, रस्त्याच्या पलीकडे, हद्दीच्या बाहेर. आम्ही तेथे चहास कधी गेलो नाही. शिपाई मात्र रोज दुपारी जात असे, आणि आमच्यासाठी पेला भरून तेथूनच आणीत असे.