शेणाचे स्वामित्व

शेणासारख्या वस्तूविषयी न्यायान्यायाचा विचार करावा, हे कित्येकांस हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या वस्तूवर वऱ्हाडातील शेते व चुली पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या, ती नीतिविचाराच्या पंक्तीस चालत नाही असे म्हणणे, हे आमच्या मते फाजील सोवळे होय.

जुना पेच सर्वश्रुत आहे. शेणाच्या गोवऱ्या थापाव्या तर शेत उपाशी. खताच्या खड्ड्यात टाकावे तर चूल थंड. गोबर गॅसने हा पेच सोडविला. शेण व पाणी समभाग कालवून हवाबंद टाकीत सोडले म्हणजे सूक्ष्म जंतू त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण करितात; नत्र मात्र बाहेर पडणाऱ्या पातळ खतात राहून शेतास मिळते. शिवाय स्त्रियांच्या डोळ्यांतील धूर टळतो, हा लाभ लहान नव्हे. ही युक्तीही आजची नाही. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा वायू मिळविण्यात आला होता. समाजाने ज्यांस दूर लोटले, त्यांच्याच मैल्याने हे कार्य केले!

मग आक्षेप कशास? दोन घनमीटरांच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणजे दावणीस चारपाच जनावरे हवीत. वाशीम जिल्ह्यात, रिसोडकडे म्हणा की मानोऱ्याकडे, ज्या मजुराजवळ ना जमीन ना जनावर, त्याने काय करावे? गायरानात पडलेले शेण वेचून गोवऱ्या थापणे, हा अशा घरांचा पूर्वापार आधार. त्या शेणास मोल नव्हते म्हणून मालक नव्हता. आता पोटी पोटी शेण मोजले जाऊ लागले, की वेचणारी बाई चोर ठरावयास किती वेळ लागणार? सरकारी अनुदानात अनुसूचित जातिजमातींस अधिक साहाय्य ठेवलेले असते, हे खरे. पण ज्याच्या दारी वासरूही नाही, त्यास त्याचा काय उपयोग?

‘ज्याची गाय त्याचे शेण’ असे कोणी म्हणेल. पण ती गाय चरली कोणाच्या गवतावर? गायरान तर साऱ्या गावाचे.

देहू येथे डॉ. मापुसकरांनी शौचालये गॅससंयंत्रांस जोडून दाखविली. तेथे गरिबाचाही वाटा श्रीमंताइतकाच पडतो. मात्र माणशी वायू अल्प मिळतो, आणि त्यावर शिजलेले अन्न खाण्यास अनेकांची जीभ कचरते. तोवर निदान गायरानात पडेल ते शेण वेचणाऱ्याचे, हा ठराव ग्रामसभेने करावा. दावणीचे शेण मालकाने खुशाल टाकीत घालावे.