रागावण्याचा हक्क

‘आज साहेबांनी फायरिंग केलं,’ असं ऑफिसातून घरी आलेला माणूस सहज म्हणतो. इंग्रजीत हा शब्द गोळीबाराचा, नाहीतर नोकरीवरून काढण्याचा. आपण तो बोलणी खाण्यासाठी वापरतो, आणि मला तो नेमका वाटतो. गोळी झाडणारा समोरच्याचं पुढे काय होईल याचा विचार करत नाही. आईच्या रागावण्याला हा शब्द कुणी लावणार नाही.

पण रागावण्याचा हक्क आईपुरताच नसतो. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातलं जुनं सुपा गाव काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्यात गेलं. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीची भिंत उभी राहिली, तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं, अनेक कुटुंबं रामनगरला वसली. नदीकाठच्या अशा जुन्या गावात पोराला रागावणारी माणसं घरातलीच असतात असं नाही. खोल पाण्याकडे निघालेल्या पोरावर शेजारची आजी ओरडते, आणि त्याची आई तिला जाब विचारत नाही. तापात तीच आजी त्याच्या उशाशी बसलेली असते. वस्ती विखुरली की नव्या शेजाऱ्याला रागावण्याचा हा हक्क लगेच मिळत नाही. त्याला वर्षानुवर्षांचं उठणंबसणं लागतं.

गाडगेबाबांना (१८७६–१९५६) तर गावोगाव अनोळखी माणसांचीच कानउघाडणी करायची होती. गावात पाऊल टाकलं की ते आधी खराटा घेत. दिवसा रस्ते झाडायचे, रात्री कीर्तनाला उभं राहायचं. कर्ज काढून सण का करता? नवसाला बकरं का कापता? दारू का पिता? माणसाचा विटाळ का मानता? पोरांना शाळेत का घालत नाही? वऱ्हाडी बोलीतले हे प्रश्न समोरच्यांना झोंबत असणार, तरी लोक बसून राहत आणि उत्तरंही देत. ज्यानं दिवसा आपल्या दारातली घाण उचलली, त्याला रात्री ‘तू कोण सांगणारा?’ असं कोणत्या तोंडानं विचारणार? शिवाय बाबांनी सुरुवात स्वतःच्या घरापासून केली होती. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची चाल मोडून त्यांनी गोडाचं जेवण वाढलं आणि जातभाईंची नाराजी पत्करली.

एवढा अधिकार मिळूनही त्यांनी गुरुपण घेतलं नाही. आपण कुणाचे गुरू नाही, आपला कुणी शिष्य नाही, असं ते सांगत. पाया पडायला कुणी वाकलं, की बाबा त्याच्यावरच रागावत.