स्थूल आणि सूक्ष्म

बेलापुरात प्रवरेकाठी वाढलेल्या आमच्या पिढीने बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढताना पाहिली आहे. अशाच गाड्यांतून एकेकाळी हरेगावच्या कारखान्याला ऊस जात असे. लोहार चाकाचा घेर मोजी, धाव किंचित तोकडी ठेवी, तापवून फुगवी आणि चाकावर बसताच पाणी ओतून आवळी. वर्तुळाच्या 'पाय' या स्थिरांकाचे नावही त्याच्या कानी नव्हते. धाव कितीने तोकडी ठेवावयाची, हे मात्र त्याला पक्के ठाऊक असे.

त्याची आठवण होण्यास निमित्त झाला माझा पुतण्या. त्याने संगणकावर पायथॉन भाषेत 0.1 आणि 0.2 यांची बेरीज केली. उत्तर आले 0.30000000000000004. "काका, यंत्र खोटं बोलतं का हो?"

कारणही त्यानेच सांगितले. यंत्र शून्य आणि एक एवढ्याच अंकांनी लिहिते. आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसा त्याला एक दशांश लिहिता येत नाही. या 'फ्लोटिंग पॉइंट' संख्येला 53 अंकांची जागा असते; पुढचे सोडावे लागते. त्या भाषेतला 'पाय'देखील 3.141592653589793 येथे थांबतो. खरा पाय थांबतच नाही.

पण अपुरे सांगणे म्हणजे असत्य सांगणे नव्हे. शलमोनाच्या मंदिरातील गंगाळसागराचा व्यास दहा हात आणि घेर तीस हात, असे आपण राजांच्या पहिल्या पुस्तकात वाचतो. हातांनी मोजणाऱ्याने हातांतच सांगितले. आपल्या भास्कराचार्यांनी तर 1150 च्या 'लीलावती'त दोन माने दिली: 3927 भागिले 1250 हे सूक्ष्म आणि 22 भागिले 7 हे व्यवहाराला पुरेसे, पण स्थूल. (त्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.) स्थूल मानाला त्यांनी स्थूलच म्हटले, यात मला त्यांच्या गणिताइतकाच त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

हा शब्द गाळला गेला की काय होते? 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट ही क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा सलग सुमारे शंभर तास चालू होती. तिचे घड्याळ सेकंदाचा दहावा भाग 24 अंकांत छाटून मोजत असे. साठत साठत चूक सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढी झाली. येणारे क्षेपणास्त्र अडविले गेले नाही. 28 सैनिक मृत्युमुखी पडले. 'फार वेळ' यंत्र चालू ठेवल्यास चूक होऊ शकते, असा इशारा चारच दिवसांपूर्वी पाठविण्यात आला होता. फार म्हणजे किती, हे त्यात नव्हते. चूक छाटण्यात होती त्याहून अधिक या न सांगण्यात होती, असे मला वाटते.

पुतण्या सध्या एका दूध संकलन केंद्राच्या हिशेबाची आज्ञावली लिहीत आहे. फॅटनुसार दर लावताना पैशाचेही तुकडे पडतात. मी विचारले, "त्यांचं काय करतोस?"

"कापून टाकतो, काका. दिसतही नाहीत."

"रोज? प्रत्येक किटलीमागे? आणि ते कुणाच्या खात्यातून कापले जातात?"

तो काही बोलला नाही. चहा तसाच ठेवून त्याने यंत्र पुन्हा उघडले.