'मान्य आहे' वर बोट ठेवताना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या गुरुवारचा निरोप जरा लांब आहे. चहा झाल्यावर निवांत वाचा. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना घरातल्या मुलांनी वाचून दाखवा. आणि शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी आम्हाला एक चूक कबूल करायची आहे.

आठवतंय का, 2021 चा जानेवारी? लॉकडाऊनमुळे आपली आरती मोबाईलवर आली होती. राजेंद्रनगरातून कोणी, सुदामानगरातून कोणी, पुण्याला मुलाकडे अडकलेलं कोणी, सगळे याच व्हॉट्सॲपवर जमत होतो. संक्रांतीच्या आधी एके दिवशी फोन उघडला तर समोर पाटी. आमच्या अटी बदलल्या आहेत, 8 फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर पुढे वापरता येणार नाही. खाली हिरवं बटण.

आपण काय केलं? दाबलं. न वाचता दाबलं. आम्हीही दाबलं, खोटं कशाला बोलायचं.

सत्यनारायणाला बसतो तेव्हां गुरुजी भरभर संकल्प सांगतात, आपण हातावरून पाणी सोडतो आणि 'करिष्ये' म्हणतो. काय करिष्ये ते दहातल्या आठ जणांना ठाऊक नसतं. पण तिथे आपण निश्चिंत असतो, कारण गुरुजी आपल्या तोंडून आपल्या नुकसानीचा शब्द वदवून घेणार नाहीत हे आपल्याला पक्कं माहीत असतं. समजत नसताना दिलेला होकार हा समोरच्या माणसावर टाकलेला भार असतो. आम्हाला वाटतं, कंपनीला हेच कळलं नाही. तिने होकार मोजले, त्यामागचा भार पाहिला नाही.

झालं काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण तेव्हां फॉरवर्डमध्ये बरंच खोटंही फिरलं. आपले घरगुती निरोप कंपनी वाचणार, असं त्या अटींत नव्हतं. ते निरोप तेव्हांही कुलुपबंद होते, आजही आहेत. बदल होता तो दुकानदार-कंपन्यांशी होणाऱ्या बोलण्याबाबत, आणि आपला नंबर, आपण फोन कसा नि किती वापरतो, ही माहिती मालक कंपनी फेसबुककडे जाण्याबाबत. आणि गंमत म्हणजे, माहिती द्यायला सुरुवात 2016 च्या ऑगस्टमध्येच झाली होती. तेव्हां जुन्या वापरणाऱ्यांना नाही म्हणायला तीस दिवस दिले होते. या वेळी ती खिडकीही बंद. युरोपातल्या लोकांना वेगळा नियम आणि आपल्याला वेगळा, हे आणखी वर. सरकारनेही त्यावर कंपनीला पत्र लिहून जाब विचारला.

मग लोक उठले. टेलिग्रामवर तीन दिवसांत जगभरातून अडीच कोटी नवी माणसं आली. सिग्नलवर इतकी गर्दी झाली की 15 जानेवारीला ते बंदच पडलं. त्याच दिवशी व्हॉट्सॲपने तारीख 15 मेपर्यंत पुढे ढकलली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, की आम्ही तुमचं काही वाचत नाही हो. फेब्रुवारीत प्रकरण सुप्रीम कोर्टात आलं, तेव्हां सरन्यायाधीश होते आपले नागपूरचे शरद बोबडे. कंपनी कितीही अब्जांची असो, लोकांना आपली खासगी गोष्ट पैशाहून मोलाची वाटते, अशा अर्थाचं त्यांनी कंपनीला सुनावलं. पुढे जुलैमध्ये कंपनीने दिल्ली हायकोर्टात सांगितलं, की माहिती संरक्षणाचा कायदा येईपर्यंत आम्ही कोणावर जबरदस्ती करणार नाही. 2024 च्या 18 नोव्हेंबरला भारतीय स्पर्धा आयोगाने 213.14 कोटींचा दंड ठोठावला. घ्या किंवा सोडा, असा पेच लोकांपुढे टाकला हा त्यातला मुख्य ठपका.

पण दंडाची गोष्ट आम्हाला तितकी महत्त्वाची वाटत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला 213 कोटी म्हणजे सराफ्यात एक प्लेट गराडू. आम्हाला वेगळीच गोष्ट टोचते.

व्हॉट्सॲप काढणाऱ्या दोघांपैकी एक, यान कूम. लहानपणी सोव्हिएत युक्रेनमध्ये वाढला. तिथे फोनवर मोकळं बोलायची सोय नव्हती, कोण ऐकत असेल सांगता येत नसे. आपल्या ॲपवर कोणाचं कान नको, ही त्याची मुळातली तळमळ. दुसरा ब्रायन ॲक्टन. त्याने जाहिराती नकोत, खेळ नकोत, चाळे नकोत, असं कागदावर लिहून दिलं, आणि कूमने ती चिठ्ठी टेबलावर ठेवली. वर्षाला एक डॉलर घ्यायचा आणि काम चोख द्यायचं. 2014 मध्ये फेसबुकने ते 19 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हांही काही बदलणार नाही असंच सांगितलं गेलं. ॲक्टन 2017 मध्ये बाहेर पडला, कूम 2018 मध्ये. आणि ॲक्टनने त्याच वर्षी स्वतःचे पाच कोटी डॉलर घालून ज्या संस्थेला उभं केलं, ती सिग्नलची. म्हणजे 2021 मध्ये लोक व्हॉट्सॲप सोडून धावले ते व्हॉट्सॲपच्याच एका जन्मदात्याच्या दुसऱ्या घरी. त्या चिठ्ठीतला शब्द घर बदलून राहायला गेला होता, लोक त्याच्या मागे गेले.

इंदूरकरांना शब्दाची किंमत कोणी समजावून सांगायला नको. हे गाव वाढलंच मुळी व्यापाऱ्यांच्या भरवशावर. माल्कम साहेबाने मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या पुस्तकात अहिल्यादेवींची एक हकिकत लिहिली आहे. देवीचंद नावाचा धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजी होळकर तेव्हां फौजेसह इंदूरजवळ तळ ठोकून होते. काही लोकांनी त्यांच्या कानाला लागून त्या संपत्तीतला वाटा मागायला लावलं. सावकाराची विधवा थेट महेश्वरला गेली. देवींनी तिचं ऐकून घेतलं, वस्त्रं देऊन तिला नवऱ्याच्या घराची आणि मालमत्तेची मालकीण म्हणून मान्यता दिली, आणि तुकोजींना हुकूम पाठवला, की फौज घेऊन इंदूरपासून दूर व्हा, माझ्या शहराला अन्यायाने छळू नका.

तुकोजी म्हणजे कोणी परके नव्हेत, राज्याचे सेनापती. फौजेला पैसा नेहमीच लागतो, गरजही खरी असेल. पण विचार करा, त्या बाईच्या दारात शिपाई उभे राहिले असते तर सराफ्यातल्या प्रत्येक पेढीवर त्या रात्री काय बोलणं झालं असतं? आज तिचं, उद्या आपलं. मग सावकारांनी तिजोऱ्या उचलून दुसरं गाव गाठायला किती दिवस? नियम बदलला तर एका घराचं नुकसान होतं, पण अंदाज सगळ्या गावाचा चुकतो.

आता कोणी म्हणेल, महाराज, नियम बदलूच नयेत का? बदलावेत की! आपली काकड आरती पाचला होती, थंडीत साडेपाचला केली. कोविडात पादुकांचं दर्शन बंद ठेवलं, सहा-आठ महिने. कोणी रुसलं नाही. कारण काय? महिनाभर आधी प्रत्येकाला विचारलं, घरोघर फोन केले, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या सुनांना सांगितलं. आणि नाही म्हणणाऱ्याला कोणी परिवाराबाहेर काढलं नाही.

आता त्या वर्षातली आपली गोष्ट. कंपनीवर रागावून आपल्यातल्या तरुण मंडळींनी सिग्नलवर नवा गट काढला. निर्णय दोन दिवसांत झाला. सेवेकरी सगळे तिकडे गेले, आणि 'ज्यांना जमेल त्यांनी यावं' असा निरोप इकडे टाकला. कितींना जमलं? सत्तरीच्या पुढच्या मंडळींपैकी जवळजवळ कोणालाच नाही. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. इंदूरचे ते दिवस आठवले की अजून छातीत कळ येते. एका काका-काकूंनी, दोघेही पॉझिटिव्ह, दोघेच घरात, इथे जुन्या गटावर लिहिलं, 'डबा मिळेल का?' डबे पोचवणारी मुलं दुसऱ्या गटावर होती. दोन दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आलं. तोवर त्या दोघांनी भिजवलेल्या पोह्यांवर काढले. मुलं डबा घेऊन धावली, तर काकू दारामागून म्हणाल्या, तुम्ही कामात असाल असं वाटलं. बस्स, एवढंच. एक शब्द तक्रारीचा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आपण बरोबर होतो ना? तत्त्वासाठीच गेलो होतो ना? हो. आणि तरीही आपल्याच माणसांपुढे आपण तेच ठेवलं, जमलं तर या नाहीतर राहा.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. 2023 च्या गुरुपौर्णिमेला प्रसाद घरपोच पाठवायचा म्हणून आम्ही नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, गोत्र, असं सगळं वहीत लिहून घेतलं. तुम्ही विश्वासाने दिलं. पुढे नर्मदा परिक्रमेची बस नेणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी यादी मागितली आणि आम्ही दिली. पैसे घेतले नाहीत, मनात पाप नव्हतं, ज्येष्ठांना यात्रा घडेल असंच वाटलं. पंधरा दिवसांत घरोघर फोन सुरू झाले. आधी यात्रेचे, मग विम्याचे, मग कर्जाचे. एका आजींना तर जन्मतारीख सांगून कोणीतरी पॉलिसीचे हप्ते मागितले. नशीब, नातू घरी होता.

आरतीनंतर एका दादांनी विचारलं तेव्हां आम्ही काय उत्तर दिलं माहीत आहे? 'आपल्या सगळ्यांच्या सोयीसाठीच दिली.' घरी जाऊन पाठ टेकली आणि लक्षात आलं, की हे वाक्य आपण कुठेतरी वाचलं आहे. हिरव्या बटणाच्या वर असंच काहीसं लिहिलेलं होतं.

ते दादा त्यानंतर चार-पाच गुरुवार आले, मग येईनासे झाले. आणखी तीन घरं सुटली. आम्ही मनाशी म्हणत राहिलो, लोकांची श्रद्धाच कमी झाली आहे. महाराज नेहमी सांगत, की माणूस निघून गेला तर त्याच्या पावलांकडे बघण्याआधी आपला उंबरठा बघा. ते आम्हाला उशिरा सुचलं. गेल्या महिन्यात चौघांच्या घरी आम्ही स्वतः जाऊन आलो. दोन घरांनी चहा दिला, एका घराने पाणी दिलं, एक दार उघडलं नाही. तेही योग्यच आहे.

मागितलेली गोष्ट प्रसादासाठी होती, ती यात्रेसाठी दिली, एवढा हा अपराध. आता नवा कायदाही म्हणतो, 2023 चा, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरा. पण कायद्याची वाट आपल्याला का बघावी लागली? गोत्र काही कंपनीच्या नोकरांनी विचारलं नव्हतं. पादुकांसमोर बसून आम्ही विचारलं होतं.

तर मंडळी, जुनी वही येत्या गुरुवारी आरतीनंतर टेबलावर उघडी ठेवली जाईल. ज्याने त्याने आपलं पान बघावं. ठेवायचं असेल तर शेजारी सही करावी. काढायचं असेल तर पान फाडून न्यावं, कारण विचारलं जाणार नाही, आणि प्रसाद पूर्वीसारखाच मिळेल. ज्यांना येणं शक्य नाही त्यांनी इथे काही लिहू नये. आम्ही प्रत्येकाला फोन करू, दुपारी चार ते सहा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या घरी ताई येऊन जातील. डब्याची यादी यापुढे कुठल्याच ॲपवर राहणार नाही, ती मंदिराच्या फोनशेजारी भिंतीवर लावली आहे. आणि ते दादा हे वाचत असतील तर त्यांची नेहमीची, खांबाजवळची बैठक अजून कोणाला दिलेली नाही.

🙏 जय गुरुदेव 🙏