दोन फोटोंच्या मधले घर



आपल्या खटाव तालुक्यात कुठेही घरकुलाचे काम चालू असले, की तिथे गवंडी आणि बिगारी यांच्याबरोबर मोबाईलही हजर असतो. जोते झाले की फोटो. भिंती वर चढल्या की फोटो. छत झाले की फोटो. घर पुरे झाले की शेवटचा फोटो. वडूजला पंचायत समितीत हेलपाटे घातलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे पाठ आहे.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली जुन्या इंदिरा आवास योजनेच्या जागी आली. तिच्या कामासाठी 'आवाससॉफ्ट' नावाची संगणक प्रणाली आणि मोबाईल ॲप वापरले गेले. या प्रणालीत प्रत्येक घराची स्वतंत्र नोंद असते. फोटोबरोबर जागा, तारीख आणि वेळ यांचीही नोंद होते. सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये अशी मदत ठरली, घर किमान २५ चौरस मीटरचे असावे असे ठरले, आणि ते बारा महिन्यांत पुरे व्हावे अशी अपेक्षा ठेवली गेली. पैसे एकदम मिळत नाहीत. टप्पा गाठल्याची नोंद झाली की पुढचा हप्ता थेट बँकेच्या खात्यावर येतो.

यात चांगले पुष्कळ आहे, ते आधी सांगितले पाहिजे. कागदावर बांधलेली आणि जमिनीवर कधीच न दिसलेली घरे, मधल्यामध्ये गळालेला पैसा, यांच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. जागेची नोंद असलेला फोटो खोट्याची वाट अवघड करतो. गरिबाचा पैसा गरिबाच्या नावावर जावा, ही न्यायाचीच गोष्ट आहे. शिवाय काम टप्प्यांत वाटले की मोठ्या कामाची भीती कमी होते. आधी जोते, मग भिंती, मग छत.

पण इथेच आम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. टप्पा म्हणजेच काम का?

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने तेवीसशे वर्षांहूनही आधी 'फिजिक्स' या ग्रंथात, बदल म्हणजे काय हे सांगताना घर बांधण्याचेच उदाहरण घेतले होते. त्याचे म्हणणे साध्या भाषेत असे: विटा आणि लाकूड नुसते पडून असतात, तेव्हा त्यांच्यात घर होण्याची शक्यता असते, पण बांधकाम नसते. घर पुरे झाले की बांधकाम संपलेले असते. बांधकाम असते ते फक्त मधल्या काळात, सामानाचे घर होत असताना.

फोटो काढला जातो तो टप्पा झाल्यावर. मधला काळ त्यात येत नाही. सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस, आणि कडक उन्हात त्याहून जास्त दिवस, पाणी मारावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत येरळा कोरडी पडलेली आणि प्यायलाच पाणी विकत आणायचे, अशा वेळी एखादी बहीण डोक्यावर हंडे आणून स्लॅब ओला ठेवते. दुसऱ्या एका घरी पाणी मारलेच जात नाही. दोन्ही स्लॅबचे फोटो सारखेच दिसतात. नोंदही सारखीच होते. फरक कळतो तो काही पावसाळ्यांनंतर.

उलट बाजूही पाहू. समजा, एका विधवेचे जोते तयार आहे, पण पुढचा हप्ता येईपर्यंत विटा आणायला पैसे नाहीत. किंवा हप्ता आला, तोच मुलाचे आजारपण आले. ती रोज मजुरीला जाते, शंभर-दोनशे रुपये बाजूला ठेवते, दुकानदाराची उधारी फेडते. तिचे घर बांधले जातेच आहे. पण यादीत तिच्या नावापुढे सहा महिने एकच शब्द असतो : अपूर्ण. यंत्राचा यात दोष नाही. जे पाहायला त्याला सांगितले, तेच ते पाहते. प्रश्न आपला आहे. आपणही तिच्याकडे यंत्रासारखेच पाहतो का?

कारण माणसांच्याही याद्या आपण मनात ठेवतो. अमक्याचा मुलगा दहावी झाला, पुढे काय? तमकीचे लग्न अजून नाही? एखादा भाऊ चार महिने दारूपासून दूर राहिला आणि एका संध्याकाळी घसरला, की आपण त्याचा हिशोब पुन्हा शून्यावर आणतो. त्या चार महिन्यांतली प्रत्येक संध्याकाळ त्याने कशी काढली, हे आपल्या यादीत कुठेच नसते.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. बांधायला घेण्यापूर्वी माणूस बसून खर्चाचा हिशोब करतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहायचे. शिष्य होण्याची किंमत ओळखावी, म्हणून प्रभूने हे सांगितले. नियोजनाला त्यात मान आहे. पण त्या दाखल्यात आणखीही काही माणसे आहेत : अर्धवट बांधकामाकडे बघून हसणारी. त्यांनाही टप्पा बरोबर दिसला होता. पाया झाला, पुढे काही नाही, ही त्यांची नोंद अचूकच होती. पण पाया बघून त्यांच्यापैकी कोणी वीट घेऊन आला, असे दाखल्यात नाही.

आमच्या मते नोंदीची मर्यादा इथे आहे. काम कुठपर्यंत आले हे ती सांगते, आणि सार्वजनिक पैशासाठी ते सांगितलेच पाहिजे. माणूस किती झटला हे तिच्यावरून ठरवू नये. दोन टप्प्यांच्या मधे जी जागा आहे, तिथे सरकारचा हप्ता पोहोचत नाही. तिथे शेजाऱ्याने पोहोचायचे असते.

ते फार अवघड नाही. आपल्या धर्मग्रामात किंवा गल्लीत कोणाचे घर जोत्यावर थांबले असेल, तर 'कुठपर्यंत आले?' असे विचारण्याऐवजी 'कुठे अडले?' असे विचारू या. एखाद्याला पाण्याचे चार बॅरल हवे असतील, एखाद्याला सेंटरिंगच्या फळ्या, एखाद्याला एक दिवसाचा बिगारी, तर एखाद्याला बँकेत सोबत येणारे लिहिते-वाचते माणूस. आपले घर बांधून झाले आहे आणि फळ्या अंगणात पडून आहेत, असेही काही जण आपल्यात असतील. त्यांनी मिस्सा संपल्यावर थोडे थांबून एकमेकांशी बोलावे.

तुमचे धर्मगुरू