प्रारब्ध, क्रियमाण आणि महाधमनी

एप्रिल १९५५. प्रिन्स्टनच्या इस्पितळात अल्बर्ट आइनस्टाइन यांनी शस्त्रक्रियेला ठाम नकार दिला. पोटातल्या महाधमनीला आलेला फुगा फुटू लागला होता. कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवणं त्यांना पटत नव्हतं. त्यांनी चष्मा आणि अपुरी टिपणं मागवून घेतली. १८ एप्रिलच्या पहाटे, वयाच्या ७६व्या वर्षी ते गेले.

हे दैवापुढे हात टेकणं होतं का?

नव्हतं. फुग्याची माहिती त्यांना १९४८पासून होती. त्या डिसेंबरमध्ये ब्रुकलिनला डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी पोट उघडून फुग्यावर सेलोफेन गुंडाळलं होतं. त्याने आजूबाजूची ऊती चिडावी, जाड व्हावी आणि भिंतीला आधार मिळावा, हा हेतू. तो उपाय त्यांनी स्वीकारला, पुढची सहा वर्षं काम केलं आणि मग नको म्हटलं.

आपल्याकडचा कर्मविचार संचित (आधीचं साठलेलं), प्रारब्ध (त्यातलं आता भोगायला आलेलं) आणि क्रियमाण (आत्ता करत असलेलं) असे तीन भाग पाडतो. या आजारात तिन्ही दिसतात. महाधमनीला लवचीकपणा देणारं इलॅस्टिन बहुतेक बालपणीच तयार होतं, मोठेपणी त्यात फारशी भर पडत नाही. हे संचित. वय, पुरुष असणं आणि घराण्यातून आलेली जनुकं हे प्रारब्ध. तंबाखूचा धूर हे क्रियमाण, आणि टाळता येण्याजोग्या कारणांत सर्वांत मोठं. भिंतीत दाह सुरू झाला की मॅक्रोफेज पेशी आत शिरतात. एमएमपी-९ आणि एमएमपी-२ ही विकरं इलॅस्टिनचे आणि कोलॅजेनचे धागे तोडतात. डागडुजी करणाऱ्या स्नायुपेशीही मरू लागतात. साधारण दोन सेंटिमीटरची धमनी तीनच्या वर जाते, आणि बहुतेकदा काहीच दुखत नाही.

मात्र ही विभागणी रुग्णाला दोष देण्यासाठी वापरणं क्रूरपणाचं आहे. कधीही विडी न ओढलेल्यांनाही हा फुगा होतो.

मग प्रयत्नाला वाव कुठे? डॉक्सिसायक्लिन हे औषध ती विकरं रोखेल अशी आशा होती, पण २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत फुग्याची वाढ मंदावली नाही. धूम्रपान सोडणं आणि सोनोग्राफी, हे दोन मार्ग मात्र भक्कम आहेत. ब्रिटनमधल्या सुमारे ६७,८०० पुरुषांच्या अभ्यासात, तपासणीचं निमंत्रण मिळालेल्या गटात या आजाराने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००२मध्ये दिसलं. आज तिथे पुरुषांना पासष्टीला ही तपासणी देऊ केली जाते. पुरुषांमध्ये फुगा साडेपाच सेंटिमीटरचा झाला की शस्त्रक्रियेचा विचार होतो.

मरण स्वीकारणं आणि तपासणी टाळणं यांत इथेच फरक पडतो. फुगा अचानक फुटला तर अनेकांना इस्पितळही गाठता येत नाही. निर्णय घ्यायला वेळच उरत नाही. आधी कळलं, तर ऐंशीच्या घरातले आजोबा शस्त्रक्रियेचा धोका समजून घेऊन, घरच्यांशी बोलून ‘नको’ म्हणू शकतात. त्या नकाराचा मान राखायलाच हवा. तो देता यावा म्हणून साठी ओलांडलेल्या, कधीकाळी विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषाने आपल्या डॉक्टरांकडे पोटाच्या सोनोग्राफीचा विषय स्वतःहून काढावा.