पायऱ्या उतरताना कर्ता कोण?

काशीक्षेत्री गंगा उत्तरवाहिनी आहे आणि नगर तिच्या पश्चिमेकडील उंच काठावर वसलेले आहे. त्यामुळे येथे गंगेला जाणे म्हणजे उतरणे आणि घरी परतणे म्हणजे चढणे होय. पंचगंगा घाट, दुर्गाघाट, ब्रह्मघाट हा भाग तर विशेषच उंच. आणि महाराष्ट्रातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेली अनेक कुटुंबे याच परिसरातील गल्ल्यांत नांदत आली आहेत. एकनाथमहाराजांनी आपले भागवत शके 1495 मध्ये, म्हणजे इ. स. 1573 साली, याच नगरीत पूर्णत्वास नेले. येथील जुन्या घरांचे जिनेही दगडी, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे. ज्याचे गुडघे धड आहेत त्याला पायरी दिसतच नाही. ज्याचे गुडघे गेले त्याला काशीत पायरीवाचून दुसरे काही दिसत नाही.

अशा एखाद्या घरातील आजींची कल्पना करावी. वय अडुसष्ट. चाळीस वर्षे पंचगंगेवरील कार्तिकस्नानाचा नेम. पुढे गुडघ्याची कूर्चा झिजली, हाडावर हाड घासू लागले, आणि भाद्रपदात एका गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. शरद पौर्णिमा उलटून कार्तिकस्नान सुरू होते तेव्हा या गोष्टीला जेमतेम सहा आठवडे झालेले असतात. आजी म्हणतात, "चाळीस कार्तिक चुकले नाहीत, हा एकच का चुकावा?" सूनबाई म्हणतात, "आई, डॉक्टरांनी अजून पाण्यात उतरू नका म्हणून सांगितलंय." घरात दोन पक्ष पडतात. एकाला वाटते, हा धर्म आणि देहसुख यांमधील झगडा आहे. दुसऱ्याला वाटते, हा श्रद्धा आणि शास्त्रज्ञान यांमधील झगडा आहे. वास्तविक पाहता तो या दोहोंपैकी एकही नव्हे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू जावी. या शस्त्रक्रियेत मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके छाटून त्यांवर धातूची आवरणे बसवितात आणि दोहोंच्या मध्ये टिकाऊ प्लास्टिकची चकती ठेवतात. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर 2000 व 2001 साली मुंबईत अशा शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा हा उपचार घरोघरी ठाऊक झाला. आणि 2017 साली केंद्र सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून तो मध्यम स्थितीतील गृहस्थांच्याही काहीसा आवाक्यात आला. परंतु सांधा बदलला म्हणून पाय लगेच पूर्ववत होत नाही. मांडीचे स्नायू दुर्बळ झालेले असतात, गुडघा हळूहळू वाकू लागतो, आणि जिना उतरताना तर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार त्या सांध्यावर येतो. जखम पूर्ण भरून शल्यवैद्याची अनुज्ञा मिळेपर्यंत नदीच्या पाण्यात उतरणे धोक्याचे. कारण कृत्रिम सांध्यात एकदा जंतुसंसर्ग शिरला की तो काढून टाकणे अत्यंत कठीण असते, प्रसंगी बसविलेला सांधाच पुन्हा काढावा लागतो. शिवाय पावसाळ्यात गंगा चढते तेव्हा घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडतात, आणि पाणी ओसरल्यावर त्यांवर गाळाचा थर राहतो. कार्तिकापर्यंत तो बराचसा धुऊन काढलेला असतो, परंतु पायरी निसरडी राहतेच.

जिन्याविषयी रुग्णाला जो नियम शिकवितात तो साधा आहे. चढताना चांगला पाय आधी, मग शस्त्रक्रियेचा पाय आणि काठी. उतरताना आधी काठी, मग शस्त्रक्रियेचा पाय, आणि शेवटी चांगला. एका हाताला कठडा, दुसऱ्या हातात काठी, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकल्यावाचून पुढची पायरी नाही. हा नियम प्रथम ऐकणाऱ्याला उलटसुलट वाटतो. कारण मात्र एकच आहे: चढताना जो पाय वर गेलेला असतो तो सर्व देह उचलतो, आणि उतरताना जो पाय वर राहिलेला असतो तो वाकत वाकत सर्व देह खाली सोडतो. म्हणजे दोन्ही वेळा श्रमाचे काम चांगल्या पायाकडेच राहते. दुखरा पाय केवळ सोबत करतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. आणि असे असताना जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी आहे, असेही तेथेच म्हटले आहे. हा विचार पाठ असलेले गृहस्थ अनेक असतील. परंतु सहा आठवड्यांपूर्वी बदललेला गुडघा घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे राहिल्यावर तो जसा उमगतो तसा प्रवचनात उमगत नाही. चाळीस वर्षे आजी म्हणत आल्या, "मी स्नानाला जाते." त्या जाण्यात गुडघ्याची कूर्चा होती, मांडीचा स्नायू होता, पहाटेच्या अंधारात पायरी दाखविणारी दृष्टी होती, कोणीतरी झाडून ठेवलेला घाट होता. हे सर्व निमूटपणे काम करीत होते म्हणून "मी" एवढेच उरल्यासारखे वाटले. आज त्यांतील एक कारण दुबळे झाले, आणि इतर चौघे प्रथमच दिसू लागले.

तेव्हा "हा कार्तिक का चुकावा" या प्रश्नात दोन स्वर मिसळलेले आहेत. एक गंगेच्या ओढीचा. तो पवित्रच आहे. दुसरा मोजलेल्या चाळिशीचा. ज्या तपात हट्टाने स्वतःच्या देहाला पीडा दिली जाते त्याची गणना सतराव्या अध्यायात तामसात केली आहे, हे येथे विसरून चालणार नाही. नेम ईश्वराला अर्पण केलेला असेल तर त्याचा हिशेब आपल्याजवळ कशाला राहावा?

परंतु एवढ्यावर थांबले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल, आणि ते अर्धे ऐकून आळशी माणूस फार संतुष्ट होईल. कारण अठराव्याच अध्यायात शरीराला क्लेश होतील या भयाने कर्तव्य सोडणे हा राजस त्याग म्हटला आहे. शस्त्रक्रियेनंतर गुडघा वाकविण्याचा, मांडी ताठ करण्याचा, जिन्याच्या चार पायऱ्या चढण्या-उतरण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करावयाचा असतो, आणि तो दुखतो. येथे एक चमत्कारिक गोष्ट घरोघरी दिसते. जी व्यक्ती घाटाच्या सर्व पायऱ्या उतरण्याचा आग्रह धरते, तीच व्यक्ती खोलीत खाटेवर बसून करावयाचा व्यायाम दुखतो म्हणून टाळते. ज्या क्लेशाला लोक नमस्कार करतात तो हवासा वाटतो. चार भिंतींच्या आत, कोणी पाहत नसताना सोसावयाचा क्लेश नकोसा वाटतो. कोणता क्लेश तप आणि कोणता हट्ट, हे ओळखावयाचे असेल तर तो कोणासाठी चालला आहे एवढे पाहावे.

धर्मशास्त्राने अशा प्रसंगाचा विचार फार पूर्वीच केलेला आहे. स्नान म्हणजे केवळ बुडी मारणे नव्हे. वारुण स्नानाबरोबरच मांत्र, भौम, आग्नेय, वायव्य, दिव्य आणि मानस अशी स्नाने सांगितली आहेत, आणि अशक्ताला त्यांपैकी झेपेल ते करण्याची मुभा आहे. याला अनुकल्प म्हणतात. मात्र मनुस्मृतीने जोडीला एक इशाराही दिला आहे: मुख्य कल्प करण्याचे सामर्थ्य असताना जो अनुकल्पावर भागवितो त्याला पारलौकिक फळ मिळत नाही. तेव्हा अनुकल्प हा काही कायमचा मुक्काम नव्हे. या कार्तिकात घरी आणलेल्या गंगाजलाने मार्जन करणाऱ्या आजींनी पुढच्या कार्तिकाची तयारी आजच्या व्यायामात करावी, हा त्या दोन वचनांचा एकत्रित अर्थ होय.

आणखी एक गोष्ट उरते, आणि बहुधा तीच सर्वांत अवघड आहे: दुसऱ्याचा हात धरणे. "मला कोणाचा भार व्हायचे नाही" असे वृद्ध माणसे म्हणतात व ऐकणारे त्यांची वाखाणणी करतात. या वाक्यात स्वाभिमान आहे, परंतु थोडा अहंकारही दडलेला आहे. कारण भार न होता जगलेला मनुष्य आजवर जन्मास आलेला नाही. ज्या आजींनी मुलाला बोट धरून हाच जिना उतरावयास शिकविले, त्यांना त्या वेळी मुलगा भार वाटला नव्हता. घेण्यात कमीपणा मानणाऱ्याने देतानाही मनात कोठेतरी आपण वर असल्याचे मानले असले पाहिजे. हे जरा कठोर वाटेल, परंतु जिन्यावर ते तपासून पाहता येते.

देणाऱ्यालाही येथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. उतरताना सोबत्याने रुग्णाच्या एक पायरी खाली, दुखऱ्या बाजूला उभे राहावे. चढताना किंचित मागे राहावे. दंडाला धरून ओढू नये, कारण ओढल्याने तोल सावरत नाही, जातो. घाई करू नये. "अहो, किती वेळ!" हा उद्गार हातातील काठी काढून घेण्यासारखाच आहे. निष्काम सेवा म्हणजे काय हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी, आपले स्वतःचे काम खोळंबले असताना, एका वृद्धेच्या एकेका पायरीबरोबर एकेक पायरी उतरून पाहावी.

पंचगंगा घाटाविषयी एक कथा सर्वांना ठाऊक आहे. स्वामी रामानंद पहाटेच्या अंधारात स्नानाला उतरत, आणि कबीर त्यांच्या वाटेवर पायरीवरच पडून राहिले. गुरूंचा पाय लागला, मुखातून रामनाम निघाले, आणि तोच उपदेश झाला. कबिरांना जे मिळाले ते पाण्यात मिळाले नाही, पायरीवर मिळाले.

याच घाटावर कार्तिकभर संध्याकाळी उंच बांबूंना बांधलेल्या टोपल्यांतून आकाशदीप चढवितात. ते पाहण्यासाठी खालपर्यंत उतरावे लागत नाही. आजींनी सूनबाईंचा हात धरून घरचा जिना उतरावा, आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. गल्लीतून सावकाश यावे, आणि घाटाच्या माथ्यावर कोणी मांडून दिलेल्या खुर्चीवर बसावे. दोरी ओढली जाते, टोपली डोलत वर जाते, आणि खाली अंधारातील पायऱ्या क्षणभर दिसतात.